उन्हाबरोबर सरकणाऱ्या खुर्च्या

जानेवारीत गाझियाबादला ऊन उशिरा येतं. नऊ वाजले तरी समोरचा टॉवर अर्धाच दिसतो. मधे धुकं आहे की धूर, हे ज्याचं त्यानं ठरवावं. अकराच्या सुमाराला सूर्य इमारतींच्या वर येतो आणि सोसायटीच्या आवारात उन्हाचा एक पट्टा पडतो. फार रुंद नसतो. दोन टॉवरांच्या मधून जेवढं येईल तेवढंच.

त्या पट्ट्यात खुर्च्या येतात. प्लास्टिकच्या, काही हात तुटलेल्या, काही पाठीला उशी बांधलेल्या. मागून बायका येतात. कुणाच्या हातात लोकरीचा गुंडा, कुणाच्या मांडीवर मटारच्या शेंगांची परात. मधल्या स्टुलावर शेंगदाणे आणि गजक. बहुतेकजणी साठीच्या पुढच्या. बहुतेकींची अंगं भरलेली. मेरठच्या, बुलंदशहरच्या, गढवालच्या, एक कोलकात्याची. त्यांच्यात आमचं एक मराठी घर. मला सगळ्या 'भाभीजी' म्हणतात आणि माझ्या सासूबाईंना 'माताजी'.

गप्पा रंगतात आणि तेवढ्यात टॉवरची सावली सरकते. ती आधी पायांवर येते, मग गुडघ्यांवर. कुणीतरी म्हणतं, 'चलो जी, धूप गई.' मग उठणं सुरू होतं. एक हात गुडघ्यावर, एक खुर्चीच्या हातावर, ओठांवर देवाचं नाव. खुर्ची ओढायची, चार पावलं पुढं जायचं, पुन्हा टेकायचं. परत मटार. परत सुनांचा विषय. थोड्या वेळानं पुन्हा सावली. ऊन संपेपर्यंत हा काफिला आवाराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलेला असतो.

बायकांना याचा वैताग आहे. सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी सुचवलंही, की सिमेंटचे बाक बसवून घ्या, म्हणजे ही ओढाताण नको. सूचना चांगल्या मनानं आलेली होती. मला मात्र वाटलं, या सगळ्यातलं खरं औषध कदाचित त्या ओढाताणीतच आहे. ऊन फक्त निमित्त आहे.

उन्हात बसा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. 'ड' जीवनसत्त्वासाठी, हाडांसाठी. सांगणं बरोबरच आहे. पण या भागातलं ऊन दिसतं तेवढं देत नाही. २००० साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी आपल्या आसपासच्या निरोगी माणसांचं रक्त तपासलं. उन्हात वावरणाऱ्या सैनिकांचं 'ड' बरं निघालं. रुग्णालयातल्या डॉक्टरांचं आणि परिचारिकांचं फारच कमी निघालं. दुसऱ्यांना उन्हात बसायला सांगणारे स्वतः दिवसभर छताखाली. दोनच वर्षांनी, २००२ मध्ये, आणखी एक पाहणी प्रसिद्ध झाली. दिल्लीतल्या मोरी गेटजवळच्या दाट वस्तीतली आणि गुडगावकडची दुडुदुडु चालणारी मुलं. मोरी गेटच्या मुलांमधलं 'ड' गुडगावच्या मुलांच्या निम्म्याहूनही कमी भरलं. गुडगाव म्हणजे तेव्हाचं, मोकळ्या हवेचं, बरं का. मोरी गेटच्या हवेतल्या धुरानं उन्हातले नेमके उपयोगाचे किरणच वर अडवून ठेवले होते. त्या मोजमापाला वीसहून जास्त वर्षं झाली. आमच्याकडची, हिंडन नदीच्या अलीकडची हवा तेव्हापासून स्वच्छ झाली, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

अंगावर चरबी जास्त असेल तर हिशेब आणखी बिघडतो. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं आणि तिथंच दडून राहतं. बोस्टनच्या संशोधकांनी जाड आणि बारीक माणसांना सारखेच किरण दिले. जाड माणसांच्या रक्तात बारीक माणसांच्या निम्म्याहून कमी 'ड' उतरलं. म्हणजे आमच्या आवारातल्या बायका तासन् तास उन्हाला पाठ देऊन बसतात, आणि मिळालेलं थोडंसं 'ड' अंग स्वतःकडेच ठेवून घेतं. गोळी घ्यावी लागते ती उगाच नाही.

पण मला सांगायचं आहे ते उन्हाबद्दल नाही. उठण्याबद्दल आहे.

आपण हाडाला दगडासारखं समजतो. एकदा झालं की झालं. खरं तर हाड गाझियाबादच्या रस्त्यासारखं असतं. कायम कुठंतरी खणलेलं आणि कुठंतरी भरत आलेलं. शरीरात काही पेशी जुनं हाड पोखरून काढतात, काही नवं घालतात. एक खड्डा खणायला साधारण तीन आठवडे लागतात. तोच भरायला तीन-चार महिने. तरुणपणी दोन्ही टोळ्या बरोबरीनं काम करतात, म्हणून काही कळत नाही. पाळी थांबली की खणणाऱ्यांवरचा वचक जातो. पुढच्या पाच-सात वर्षांत काही बायकांच्या हाडातला पाचवा हिस्सासुद्धा निघून जातो. कुठं दुखत नाही. काही दिसत नाही.

मग भरणाऱ्यांना कामाला कोण लावतं? भार. १८९२ साली जर्मनीत युलियस वोल्फ नावाच्या शल्यचिकित्सकानं लिहून ठेवलं, की ज्या हाडावर जसा भार पडतो तसं ते घडत जातं. हाडाच्या आत खोलवर बसलेल्या पेशींना हा भार जाणवतो. जाणवला की त्या निरोप धाडतात. नाही जाणवला तर त्यांच्या लेखी त्या हाडाची गरज संपलेली असते. शरीर मोठं काटकसरी. जे लागत नाही ते पोसत नाही.

अंतराळवीर सुनीता विल्यम्स मार्च २०२५ मध्ये पृथ्वीवर परतल्या तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या होत्या. नऊ महिन्यांहून जास्त काळ त्या अंतराळात राहिल्या. तिथं कुणाचंच वजन कशावर पडत नाही. अशा जागी खुब्याच्या हाडातून महिन्याला एक ते दीड टक्का घनता जाऊ शकते. म्हणून अंतराळ स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम ठरलेला असतो. पट्ट्यानं स्वतःला बांधून धावायचं, यंत्रातला जोर ढकलायचा. वजन नाही, तर निदान वजनाचा भास तरी हाडाला द्यायचा.

हे वाचताना मला आमच्या आवारातल्या खुर्च्या आठवल्या. अंतराळवीराला वजनच नसतं. इथं वजन भरपूर आहे. पण खुर्चीत बसल्यावर ते सगळं बैठकीच्या हाडांवरून थेट खुर्चीत उतरतं. मांडीच्या हाडाला, खुब्याच्या मानेला, घोट्याला त्यातलं जवळपास काहीच कळत नाही. बाई पन्नास किलोची असो की नव्वद किलोची, बसल्यावर तिची मांडी अधांतरीच.

'जाड माणसाची हाडं मजबूत' असं आपण ऐकत आलो. त्यात तथ्य आहे. चालताना, उभं राहताना जास्त भार पेलावा लागतो, म्हणून यंत्रावर घनता बरी दिसते. डॉक्टरही कितीतरी वर्षं हेच धरून चालले होते, की हाडं ठिसूळ होणं हा किरकोळ बांध्याच्या बायकांचा आजार. मग दहा देशांतल्या साठ हजारांवर बायकांची पाहणी झाली. सगळ्या पंचावन्नच्या पुढच्या. २०११ मध्ये तिचे आकडे आले तेव्हा दिसलं, की लठ्ठ बायकांचीही हाडं मोडतात, आणि बऱ्याच संख्येनं मोडतात. घोटा आणि मांडीचं हाड तर त्यांचं जास्त मोडतं. नितंबांवरची चरबी पडताना खुब्याला थोडी सांभाळून घेते, पण घोट्याला कोण सांभाळणार? वरून येणारं वजन तर मोठं. हाडाच्या पोकळीतही चरबी असतेच. नवं हाड घालणाऱ्या पेशी आणि चरबीच्या पेशी एकाच मूळ पेशीपासून निपजतात. हाडाला हालचाल मिळाली तर ती मूळ पेशी हाडाकडे झुकते. नुसतं बसून राहिलं तर चरबीकडे.

वजन असणं वेगळं आणि वजन पेलणं वेगळं.

२०१४ मध्ये स्कॉटलंडच्या संशोधकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतले आकडे पुन्हा तपासले. अंगावर हालचाल मोजणारं यंत्र लावलेली माणसं होती, त्यामुळे कोण किती बसलं ते सांगीवांगी नव्हतं. ज्या बायका जास्त बसत होत्या त्यांच्या खुब्याचं हाड विरळ होतं. त्या बाकीच्या वेळात किती चालतात, हे लक्षात घेऊनही हा संबंध उरत होता. पुरुषांमध्ये तो दिसला नाही. सकाळी उद्यानात फेऱ्या मारून आलं की दिवसभर बसायची सूट मिळाली, असं मानणाऱ्या आमच्यासारख्यांना हे जरा अडचणीचं आहे. आमच्याकडच्या स्वर्ण जयंती पार्कात भराभर चालून आलेली बाई घरी येऊन टीव्हीपुढं बसली ती जेवणापर्यंत हलली नाही, तर तिच्या हाडानं सकाळ लक्षात ठेवायची की दुपार?

मला सगळ्यात नवल वाटलं ते एका जुन्या प्रयोगाचं. १९८४ सालचा. रुबिन आणि लॅनियन या दोघांनी पक्ष्याच्या पंखातलं एक हाड असं वेगळं केलं, की त्याच्यावर एरवी कसलाच भार येणार नाही. मग रोज मोजून भार दिला. काहीच दिला नाही तेव्हा हाड झिजत गेलं. दिवसातून फक्त चार वेळा दिला, तर झीज थांबली. छत्तीस वेळा दिला, तर हाड वाढलं. आणि अठराशे वेळा दिला, तर छत्तीसपेक्षा काही जास्त मिळालं नाही. हाडाला दिवसभराची हमाली नको असते. मधूनमधून विचारपूस हवी असते.

अर्थात पक्ष्याचा पंख तो पक्ष्याचा पंख. खुर्चीतून चार वेळा उठल्यानं कुणाचं हाड पोलादाचं होत नाही. प्रयोगातला भार चांगला जोरकस होता. माणसाच्या हाडाला खरंच भरून यायचं असेल तर वजन उचलणं, जिने चढणं, जोर लावणं असं काहीतरी लागतं, आणि तेही जाणत्याच्या देखरेखीखाली. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर मेदाबरोबर हाडही थोडं उतरतं, हेही डॉक्टर सांगतात. हे सगळं खरं. पण ज्या बाईला हाताचा आधार न घेता उठताच येत नाही, तिला आधी उठणं परत मिळवावं लागतं. तपासणीत एक साधी परीक्षा असते. हात छातीवर बांधा आणि खुर्चीतून पाच वेळा उठून बसा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायातलं बळ ओसरलं असं धरतात. एकदा मी ही गोष्ट उन्हाच्या पट्ट्यात सांगितली. मग काय, मटार बाजूला गेले. कोलकात्याच्या दीदी पहिल्या झटक्यात उठल्या आणि तिसऱ्यांदा हसत हसत मागे कलंडल्या. सगळ्यांनी धरलं. हाड बहुधा नुसत्या घनतेअभावी मोडत नाही, पडल्यामुळे मोडतं. आणि पडणं न पडणं हे बरंचसं मांडीतल्या स्नायूंच्या हातात असतं.

मग या बायका इतक्या बसतात तरी का? आळस म्हणावं तर तसं नाही. २०१९ मध्ये सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचं काम करणाऱ्या घरातल्या बाईची तेव्हा रोजची सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. पाच तास रोज, चाळीस-पन्नास वर्षं. मग एक दिवस सून येते, कामाला बाई लागते, गुडघे कुरकुरतात, आणि सगळे एका सुरात म्हणतात, आता तुम्ही बसा.

ते प्रेमानं म्हणतात. त्यात खोट नाही. आपल्याकडं म्हातारं माणूस उभं दिसलं की घरातल्यांना अपराधी वाटतं. सासू स्वयंपाकघरात दिसली की शेजारी सुनेकडं बघतात. बसून खाणं हे सुखाचं लक्षण, आणि हातात आयतं मिळणं हा मान. मेट्रोत ज्येष्ठांसाठी जागा राखीव असते, लग्नात पहिली रांग त्यांची, देवळात सतरंजीऐवजी खुर्ची. सन्मानाचा प्रत्येक मार्ग शेवटी खुर्चीशीच येऊन थांबतो. ज्या बाईनं जन्मभर राबून काढलं तिनं ही खुर्ची नाकारावी, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? विश्रांतीचा हक्क तिनं मिळवलेला आहे. फक्त मान आणि आराम यांतला फरक हाडाला समजत नाही.

सासूबाईंचं लहानपण साताऱ्याकडचं. जातं ओढायचं, आडाचं पाणी शेंदायचं, चुलीपुढं उकिडवं बसायचं. त्या सांगतात तेव्हा जमिनीवरून उठणं हा व्यायाम आहे असं त्यांच्या गावीही नसतं. टांझानियात हाड्झा नावाचे लोक आहेत, अजून शिकार आणि कंदमुळांवर जगणारे. २०२० मध्ये त्यांच्याबद्दल एक निबंध आला. तेही दिवसातले जवळपास दहा तास बसून किंवा पडूनच काढतात. आपल्या शहरी माणसाइतकेच. फक्त त्यातला बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात. त्यामुळे पायांचे स्नायू बसलेले असतानाही थोडे जागेच राहतात. तेव्हा दोष बसण्याचा असेलच असं नाही. आपण बसणं फार मऊ आणि फार उंच करून ठेवलं. आता गुडघा बदललेल्या बाईला पाटावर बसवणं हा क्रूरपणा होईल. ते दिवस गेले आणि जात्याची आठवण काढून हळवं होण्यात अर्थ नाही. जात्यानं कंबरही मोडलेली असायची.

मी घरी एक छोटी गोष्ट केली. सासूबाईंच्या खुर्चीशेजारी तांब्याभांडं भरून ठेवायचं बंद केलं. त्या म्हणाल्या काही नाहीत. तहान लागली की उठतात, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जातात, माठावरचं झाकण काढतात, आणि येताना गॅलरीतल्या तुळशीची विचारपूस करून येतात. गेल्या महिन्यात पुण्याहून नणंदबाई आल्या होत्या. आई पाण्यासाठी उठलेल्या पाहून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी पटकन पुढं होऊन भांडं भरून दिलं. सगळ्यांनाच सगळं समजावता येत नाही. पाहुणे असेपर्यंत तांब्या पुन्हा शेजारी राहिला.

बुलंदशहरच्या मौसीजी आमच्याच मजल्यावर राहतात. अंगानं स्थूल, डावा गुडघा अधू. संध्याकाळी त्या डोलची घेऊन मदर डेअरीच्या बूथवर टोकनचं दूध आणायला निघतात. नातू हसतो. दहा मिनिटांत दारात दूध टाकणारं अॅप त्याच्या फोनवर आहे. मुलगा रागावतो, पडलीबिडलीस तर? मौसीजी ऐकून घेतात आणि चपला घालतात. दोन लिटरची भरलेली डोलची एका हातातून दुसऱ्या हातात घेत, वाटेत दोनदा थांबत त्या परत येतात.

मला वाटलं, यांनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल. लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा विचारलं. त्यांनी डोलची खाली ठेवली, पदरानं कपाळ पुसलं आणि इकडं तिकडं बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, 'अरे नहीं भाभीजी, काहे का डॉक्टर. बहू को भी तो दिन में एक घंटा चाहिए, अपनी माँ से फोन पे खुल के बात करने को. मैं बैठी रहूँगी तो बेचारी क्या बोलेगी?'